साठ शेंडे

आणि पांढरे कपडे! मला सांगा, चिखलात झाडं लावायला पोरांना पांढरे कपडे घालून कोण बोलावतं? आमची शाळा! का, तर शनिवार, शनिवारी पीटीचा ड्रेस, आणि मॅडम म्हणे फोटोत पांढरं उठून दिसतं. उठून दिसतं म्हणे! अहो, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरची ती काळी माती, पाय टाकला की गुडघा गायब, तिथं माणूसच उठेना, पांढरं काय उठतंय... बसमधून उतरलो तेव्हा सगळे बगळे, दहा मिनिटांत सगळ्या म्हशी. आणि एवढं सगळं होऊन शिक्षा कोणाला? मला! मी त्या दिवशी सुधारलो होतो हो!

हसू नका. खरंच सुधारलो होतो, इलाजच नव्हता. आदल्या आठवड्यात शाळेची घंटा जरा... जाऊ द्या, थोडक्यात सांगतो, घंटा पाऊण तास आधी वाजली आणि अख्खी शाळा घरी गेली, शिपायासकट. तर प्रतिभा मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला ऑफिसात घेतलं. त्या ओरडत नाहीत, तुम्हाला सांगतो, तेच वाईट. चष्मा काढतात, पुसतात, परत घालतात... "रविराज, आता एक तक्रार. फक्त एक. दाखला तुझ्या वडिलांच्या हातात." आणि आमचे वडील तर टपूनच बसलेत! मखमलाबादला आमची झेंडूची शेती, पंचवटीत फुलं विकायला बसतात. "नववीपर्यंत शिकलास ना? लय झालं. ये फुलं तोडायला." आता तुम्हीच सांगा, शाळा सुटली तर मी खोड्या कोणाच्या काढू? झेंडूच्या? झेंडू हसतो का?

म्हणून सुधारलो. बसमध्ये पहिली सीट, हाताची घडी, तोंडावर बोट. मागून पोरं, "ए रव्या, ताप आलाय का रे?" शेजारी मॉनिटर दिशा, हातात वही. त्या वहीत माझं नाव लिहायला तिनं आधीच पान आखून ठेवलेलं. आखून!

उतरलो. पीटीचे अहिरे सर पुढं. सर मूळचे नामपूरचे, घरी अहिराणी, पण पाहुण्यांसमोर एकदम शुद्ध मराठी. आणि त्या दिवशी पाहुणे येणार होते, रोपं दिलेली त्यांनी. म्हणून सरांचा सराव चालू, "विद्यार्थी मित्रहो, निसर्ग हा आपला गु..." आणि सर खाली! बघतो तर उजवा पाय मांडीपर्यंत आत! "ओ माय! मना बूट गया रे! मना बूट!" सगळी शुद्ध भाषा बुटासोबत खाली गेली. चार पोरांनी ओढून सर काढले, बूट काय निघाला नाय. आणि मी हसलो का? नाय हसलो! गाल चावून आतून रक्त निघालं पण नाय हसलो. तेवढ्यात काय, एक बेडूक. हा एवढा. स्वतःच्या पायानं आला आणि दिशाच्या उघड्या डब्याशेजारी बसला. मी बोलावला नव्हता त्याला! असा योग जन्मात एकदा येतो. आणि मी काय केलं? उचलला, पाण्यापर्यंत नेला आणि सोडला. जाताना माझ्याकडं वळून बघत होता, तुम्हाला सांगतो. त्याला पण पटलं नाय.

मग झाडं. अर्जुनाची साठ रोपं. पोरांनी कशी लावली म्हणता? कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पुरलं, कोणी आडवं लावलं. एकानं लावलं आणि आठवण म्हणून परत उपटून घेतलं! सर एका बुटात लंगडत आले, "रव्या, तुमची शेती आहे ना? तू थांब, ही सगळी नीट कर. आम्ही पोहे खाऊन येतो." झालं. सगळे बांधावर पोह्याला, मी एकटा चिखलात. पळून गेलो का? नाय. एकेक रोप काढलं, पिशवी फाडली, परत लावलं, माती दाबली. कंबर मोडली हो! पोह्यांचा वास येतोय, आणि मी साठाव्या रोपापर्यंत गेलो. मी त्या दिवशी सुधारलो होतो!

आणि तिथंच घात झाला. आता झेंडूचं असं असतं, रोप वीतभर झालं की वरचा शेंडा खुडायचा. म्हणजे ते बाजूनं फुटतं, फांद्या येतात, फुलं जास्त. आमच्याकडं दरवर्षी असतं हे, आणि दरवर्षी वडील माझ्या नावानं बोंबलतात, कारण मी त्या दिवशी बरोबर आजारी पडतो. पण त्या दिवशी मी एवढा सुधारलेलो, एवढा सुधारलेलो... की कोणी न सांगता, लावलं की खूड, लावलं की खूड. साठच्या साठ! कचरा नको म्हणून शेंडे शर्टाच्या खिशात ठेवले. व्यवस्थित!

मग आल्या मॅडम, आले पाहुणे, आला फोटोवाला. पाहुणे पहिल्या रोपाशी वाकले. दुसऱ्याशी वाकले. "मॅडम, ह्यांना... डोकं का नाहीये?" आणि दिशा किंचाळली, "मॅडम, ह्याच्या खिशात आहेत!" सर पळत आले, एका बुटात, "काय शे हाई? काय शे?"

मी म्हटलं, मॅडम, शेंडा खुडला की फुटतं. मॅडमनी चष्मा काढला. "रविराज, हा झेंडू नाही. हा वृक्ष आहे. त्याला वर जायचंय." पुसला. "फोन लाव वडिलांना. स्पीकरवर."

मॅडमच्याच फोनवरून लावला. तिकडं बाजाराचा कालवा, वडील ओरडतायत, "बोला मॅडम! काय केलं त्यानं?"

"साठ रोपांचे शेंडे तोडले!"

संपलं, म्हटलं. उद्यापासून फुलं तोडायची. मग वडील हळूच म्हणाले, "सगळ्या साठांचे?"

"सगळ्या!"

"कोणी सांगितलं होतं त्याला?"

"कोणी सांगणार? स्वतःहून!"

"स्वतःहून..." आणि तुम्हाला सांगतो, तो माणूस फोनवर रडला! "मॅडम, पाच वर्षं झाली, माझ्याकडं सहा रोपं खुडत नाय तो. शाळेनं पोरगं सुधारलं माझं. दाखला नको, काय वाटेल ते करा पण ह्याला शाळेतच ठेवा!"

आता पाहुण्यांसमोर बाप आभार मानतोय म्हटल्यावर मॅडम काय करणार? चष्मा घातला. दाखला राहिला. पण शिक्षा तर पाहिजे ना? मग म्हणे, झाडं फुटेपर्यंत दर रविवारी सायकलवर जायचं, साठ झाडांना पाणी घालायचं, आणि फोटो काढून पाठवायचा. पाणी! बॅकवॉटरला! वरून पाऊस, खाली गुडघाभर पाणी, मध्ये मी बाटली घेऊन उभा, आणि लांबून एक गुराखी दर रविवारी बघतोय, मला डॉक्टरकडं कसं न्यावं...

मागच्या रविवारी दमून फोन केला. म्हटलं, मॅडम, निदान बाटली इथल्याच पाण्यानं भरू का? वाहून वाहून खांदे गेले.

तर म्हणाल्या, "नको रे. ते पाणी गढूळ आहे, फोटोत चांगलं दिसत नाही. आणि तो पांढरा ड्रेस घालून जात जा."