ऑपरेशनची तारीख

अक्षया : पण माझ्या निधीचं ऑपरेशन झालंच नाही, तर तारीख कुठून आणू, विश्वासकाका?

विश्वास : अगं, फाइलवरचा कोड बघ. आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी ‘पाय कापलेला’ हा कोड टाकलाय. म्हणून कृत्रिम पायाच्या योजनेवाले ऑपरेशनची तारीख मागतायत. वर अपघाताचा पोलीस रिपोर्ट.

अक्षया : पोलीस रिपोर्ट! कुणाविरुद्ध करू, देवाविरुद्ध? डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलंय, उजवा पाय गुडघ्याखाली जन्मतःच नाही.

विश्वास : ते दुसऱ्या पानावर आहे. पोरं पहिलं पान बघतात आणि कोड ठोकतात. दिवसाला दीडशे फायली. हाडांच्या वॉर्डातून आली की कापलेलाच असणार, असं धरूनच चालतात.

अक्षया : मग बदला ना कोड.

विश्वास : बदलतो. डॉक्टरांचं पत्र, मग रेकॉर्ड कमिटी... महिना गेला समज. आणि निधीच्या पायाचं माप सोमवारी आहे. पुढचा कॅम्प थेट एप्रिलमध्ये. आपल्या इथल्या मराठी मंडळातली म्हणून सांगतो, तिची जन्मतारीखच टाक ऑपरेशनची म्हणून. साहेबांची सही मी आणतो, पोलीस रिपोर्टचंही निभावतो. कोण बघतंय?

अक्षया : मी बघतेय.

विश्वास : आपल्याला पोरीच्या पायाशी मतलब ना? हट्ट कसला करतेस?

निधी : आई, काकांना सांग ना, जुनावाला पाय चुभतो, खूप टोचतो.

विश्वास : ऐक! लेकरू सांगतंय.

अक्षया : मला ठाऊक नाही? रोज मलम मीच लावते. तरी नाही लिहिणार.

विश्वास : अगं, एका ओळीचा तर प्रश्न आहे.

अक्षया : तुमच्यासाठी एक ओळ. सात वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्सच्या जिन्यात बायका विचारतायत, ग्रहणात काही चिरलं होतंस का? सासूबाईंनी तर बारशाच्या दिवशीच विचारलं. चिरलं होतं, काका. दुधी. ह्यांचा डबा करायचा होता. त्याने काही होत नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, मलाही पटतं. तरी ग्रहण आलं की मी सुरीला हात लावत नाही. आता शिक्का मारलेल्या कागदावर मीच लिहून देऊ, हिचा पाय कापला म्हणून? खाली माझी सही? मेले तरी नाही!

विश्वास : सोमवार हातचा जाईल, बाई.

अक्षया : जाऊ दे. निधी, इकडे बघ. नवा पाय एप्रिलमध्ये मिळाला तर चालेल? खरं सांग.

निधी : जुनावाला घालायचा का तोपर्यंत?

अक्षया : नको. दुखतो ना तो.

निधी : मग काखेत बैसाखी घेऊन जाईन शाळेत. त्यात काय! रेसमध्ये पण मी वर्गातल्या देविकाच्या पुढे असते.

अक्षया : ऐकलंत? आता लेकरू काय सांगतंय?

विश्वास : धन्य आहात मायलेकी! चला, उठा. डॉक्टर दोनपर्यंत ओपीडीत असतात, पत्र आत्ताच घेऊ. कमिटीवाल्यांच्या मागे मी लागतो. सोमवारचा शब्द मात्र देत नाही.

अक्षया : मी मागितलाही नाही.

विश्वास : बरं बाई! दुरुस्तीचा अर्ज तरी भरू दे. नाव, वय... हं, पाय नसण्याचं कारण. इथे काय लिहू?

निधी : लिहा ना काका, मी अशीच आले.