सोनिवलीची भावी डॉक्टर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, मुख्याध्यापिका विनिता मॅडम, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या नीलिमा मॅडम, शिक्षकवृंद, पालक बंधुभगिनी आणि मागच्या रांगेत आतापासूनच घड्याळ बघणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

मी काशी म्हसकर. सोनिवलीला आमचा खडी-रेतीचा धंदा आहे. पालकांच्या वतीनं खरं तर आमचे हे बोलणार होते. पण यांच्या हाती माईक गेला की जेवण थंड होतं, म्हणून नीलिमा मॅडमनीच माझं नाव सुचवलं. अहो, हसू नका, खरंच आहे ते.

बारावीनंतर मुलांनी काय शिकावं, कुठल्या कॉलेजात अर्ज करावा, हे नीलिमा मॅडम इतकी वर्षं सांगत आल्या. मुलांना समजावणं सोपं असतं हो. पण त्यांच्या काकांचं काय करायचं?

दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरी वाढलेली पुतणी उन्नती बारावी सायन्सला एक्क्याऐंशी टक्क्यांनी पास झाली. यांनी तिला एका शब्दानं काही विचारलं का? विचारायचं नाव नको! दुसऱ्या दिवशी नाक्यावर भलामोठा बॅनर. 'सोनिवलीची भावी डॉक्टर कु. उन्नती हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून यांचा फोटो. पोरीच्या फोटोपेक्षा मोठा.

पोरगी रडत मॅडमकडे गेली आणि मॅडम तिला रिक्षात घालून थेट आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "जनूशेठ, उन्नतीनं नीट दिलेली नाही."

हे भडकले. "काय बोलता मॅडम! नीट नाय दिली तर एक्क्याऐंशी टक्के कुठून आले?"

नीट ही डॉक्टरकीची वेगळी परीक्षा असते, हे यांच्या डोक्यात शिरेपर्यंत माझा दोनदा चहा झाला.

"मग हिला व्हायचंय तरी काय?"

उन्नती दाराआडून म्हणाली, "काका, मला जिऑलॉजी शिकायचंय. दगडांचा अभ्यास."

"दगडं शिकायला मुंबईला जायचं? आपल्याकडं ट्रकच्या ट्रक पडलीत!"

माझ्या सासूबाई, माई, ओट्यावरून म्हणाल्या, "आरं, दगडांचा पन डाक्टर आसंल!"

मॅडम हसल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. "अर्ज भरायच्या आधी कॉलेज बघून येऊ. तुम्हीही चला." यांनी अट घातली, "मला पटलं नाही तर विषय बंद." मॅडमनी ती मान्य केली. उन्नती त्या रात्री जेवली नाही.

कॉलेजात टेबलावर नाना तऱ्हेचे दगड मांडले होते. आता यांना कोण आवरणार! एक काळाकुळकुळीत तुकडा उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा अस्सल ज्वालामुखीचा. अंबरनाथचं देऊळ बांधलं त्याच्याही आधीचा. सर, आपण याच लाइनीत आहोत!"

प्राध्यापक बिचारे सौजन्यानं मान डोलवत होते. उन्नती पुढं झाली आणि यांच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "काका, हा दगड नाही. कारखान्यात लोखंड वितळवतात ना, त्या भट्टीतला मळ आहे. आपल्या खडीतही यायचा. लहानपणापासून वेगळा काढून मी खाटेखाली ठेवते."

मी शेजारीच उभी होते, म्हणून ऐकू आलं. मित्रहो, चार लोकांत काकाला तोंडघशी पाडायची याहून सोन्यासारखी संधी कुणाला मिळेल? पण पोरगी कानात बोलली. यांनी तो तुकडा जपून जागेवर ठेवला. तिच्याकडे बघतच राहिले, जणू पहिल्यांदाच बघत होते. मग मॅडमना म्हणाले, "अर्ज कुठं भरायचा?"

बॅनर त्याच संध्याकाळी उतरला. सध्या तो सिमेंटच्या गोणींवर पालथा आहे.

अर्ज शाळेच्याच कॉम्प्युटरवर भरला. पहिली पसंती कुठली, दुसरी कुठली, मॅडम एकेक विचारत होत्या, उन्नती सांगत होती. हे दोनदा बोलायला उठले आणि दोन्ही वेळा स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून खाली बसले. पहिल्या यादीत नाव नव्हतं, तेव्हा घरात सुतक. मॅडमचा फोन आला, "घाबरू नका, दुसरी यादी असते." आणि दुसऱ्या यादीत नाव लागलं! आज ती दुसऱ्या वर्षाला आहे.

मॅडम, आता तुम्ही अंबरनाथ पश्चिमेला घरी निवांत बसणार म्हणता. तेवढं मात्र जमायचं नाही. आमचा समर्थ यंदा दहावीला आहे. त्याला काय शिकायचंय, ते आम्ही अजून विचारलेलं नाही. सकाळीच हे मला म्हणाले, "मॅडमना सांग, पोराला घेऊन येतो. तुम्ही दोघं आत बोला, मी बाहेर चपलांपाशी बसतो."

मॅडम, एवढ्या वर्षांची तुमची कमाई म्हणाल, तर ती ही. ती पदरात घ्या.

मला बोलायची संधी दिलीत, त्याबद्दल आयोजकांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कमीजास्त काही बोललं गेलं असेल, तर आपण सर्वांनी उदार मनानं पोटात घालावं. यांचं मात्र मी घरी गेल्यावर बघून घेईन.

नमस्कार.