चांदीची पट्टी

मलमपट्टीच्या खोलीबाहेर बाळाला मांडीवर थोपटत बसलेल्या तरुण आईला शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

"अहो, सात दिवस पट्टी सोडू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं ना?"

"सोडली कुठे? कोपरा उचलून बघायचो."

"रोज?"

"चांदीचे नॅनो कण आहेत म्हणे तिच्यात. एक तरी दिसावा की नाही!"

"ते इतके बारीक, की आपल्याला दिसतच नाहीत. जंतूंना भेटले म्हणजे झालं."

"हं."

"आज जखम चिघळलेली निघाली, तर पायाचा अंगठा कापणार आहेत. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणूनच बघायचो."

"चांदी?"

"अंगठा."

बाळ झोपलं, तरी तिचा हात थोपटतच राहिला.

"मग मला हाक मारायची होतीत," म्हातारी म्हणाली.