सीझरच्या वेदीवरची शपथ

(पाफ्लागोनियातलं एक डोंगरी गाव. इथं रोमचा अंमल बसून फार वर्षं झालेली नाहीत.)

बियासस : जेवायचं राहू दे. आधी सांग, आपल्या धान्याच्या पेवात खोकलं कोण?

अम्मिया : उंदीर असेल.

बियासस : उंदीर खोकतो होय गं?

अम्मिया : हळू बोला. गासिस आहे.

बियासस : तुझा भाऊ? त्या रोमन अधिकाऱ्याला दगड घालून पळालेला? अगं, सकाळीच मी सीझरच्या नव्या देवळात शपथ घेऊन आलोय!

अम्मिया : सगळ्या गावानं घेतली. तोंडदेखली.

बियासस : बाकीचे पुटपुटले. मी खणखणीत म्हटलं. सीझरचा वैरी दिसला तर पकडून देईन, लपवला तर माझ्यावर आणि माझ्या मुलाबाळांवर कोप होवो. 'माझ्या मुलाबाळांवर' म्हणताना छाती फुगली गं. पहिल्यांदाच म्हणत होतो ना.

अम्मिया : कर्म माझं! पोट एवढं पुढं आलंय आणि ह्यांना मिरवायचं सुचलं. त्या दगडी सीझरला काय कळतंय?

बियासस : सीझरचं सोड. साक्षीला आपला सूर्य होता, आपली धरणी होती. गावात रोमचा एक शिपाई नाही, अम्मिया. पहाऱ्याला आपलेच देव बसवलेत त्यांनी.

गासिस : दाजी, वर येऊ का? गुदमरतोय आत.

बियासस : ये बाबा. आता कशाला लपतोस?

गासिस : मी डोंगरात जातो. तुम्ही मला पाहिलंच नाही.

बियासस : पाहिलं की रे.

अम्मिया : मग गावाला सांगते, हे मूल ह्यांचं नाही. मूलच ह्यांचं नाही तर कोप कुणावर होणार?

बियासस : गाव फसेल. सूर्य फसेल?

गासिस : ताई, वेडी झालीस का? चला दाजी. तुम्हीच मला खाली रोमनांच्या छावणीत घेऊन चला.

अम्मिया : तू गप्प बस! दगड घालताना कुठं गेलं होतं हे शहाणपण?

गासिस : आबांचे बैल ओढून नेत होते गं, त्यांच्या रस्त्याच्या कामाला. राग आवरला नाही. आता भाचरू यायचंय, त्याच्यावर नको काही.

बियासस : गाश्या, मला भीती वाटते रे. तुझ्यासाठीही आणि त्या बाळासाठीही. काय करू?

गासिस : काही बोलू नका. हात तेवढे बांधू नका, उतार निसरडा आहे.

अम्मिया : जा. दोघंही जा. अहो, परत आलात की दार ढकला, उघडंच असेल. मला मात्र हाक मारू नका.