दोन बकिट पाणी

"हॅलो?… हाव, मीच, कस्तुरा… अगं ऐक ना, सिंधे… आधी ऐक तर!"

सिंधु कधी ऐकणाऱ्यातली नव्हतीच. लातूर जिल्हा झाला त्याच साली जन्मली, आणि तेव्हापासून घरात कलेक्टर तीच. कस्तुराबाई सहा वर्षांनी थोरली असून तिच्या धाकात.

"जास्त हाय गं आईला… लई जास्त… निघ आत्ताच… येत न्हाई? असं नको बोलू बाई, आज तरी."

जास्त कसली, आई पहाटेच गेली होती. मधल्या खोलीत तिला चटईवर निजवलं होतं. शेजारच्या पारूबाईनं कस्तुराबाईला बजावलं होतं, लेकीला फोनवर गेल्याचं सांगायचं नाही. सिंधुचं सासर देगलूर, तिथून तीन-चार तासांची वाट. नुसतं निघून ये म्हणायचं.

"हाव, हाव… संक्रांतीचं हाय ध्यानात… जावयादेखत बोलायचं नव्हतं तिनं… चुकलंच."

संक्रांतीला सिंधु नवऱ्याला, निवृत्तीरावाला घेऊन माहेरी आली, डोक्यावरून न्हायली आणि प्यायला राखलेलं दोन बकिट पाणी मोरीत गेलं. टँकर नवव्या दिवशी येणार होता. आई नको ते बोलली. दोन बकिट पाण्याहून हलकी झाले का मी, म्हणत सिंधु ओल्या केसांनी निघून गेली. आई स्वतः ये म्हणेपर्यंत उंबरा शिवणार नाही, अशी शपथ घेऊन.

"मी?… मी बी चुकले… हाव, मीच तेल ओतलं… तुझंच खरं. पाया पडते, झालं?"

एरवी कस्तुराबाईनं एकाला दोन ऐकवली असती. पण आज भांडण पेटलं की सिंधु फोन बंद करणार, आणि मग आईचं तोंड तिला कधीच दिसणार नाही. म्हणून ती एकेक शब्द गिळत होती.

"आवाज? कसला आवाज?… टँकर आलाय गल्लीत. बाया भांडायल्यात."

तिनं हातानं खुणावलं. रडणाऱ्या बायांनी तोंडात पदर कोंबले.

"काय?… तिला फोन दिऊ?… अगं बोलता येत न्हाई तिला… सोंग न्हाई गं!… हॅलो? हॅलो? ठेवू नको, सिंधे… बरं. बरं, कानाला लावते. तू बोल. ती ऐकंल."

कस्तुराबाई खाली बसली. फोन आईच्या कानाशी धरला. कान गार होता. आतून बारीक आवाज येत राहिला. आधी चढा, मग उतरत गेला, मग नुसते हुंदके. तीन महिने आई हाच फोन उशाशी घेऊन झोपायची, वाजला की "सिंधी हाय का?" विचारायची. आपण लावावा, तर हट्टात तीही शेवटी सिंधुचीच आई. कस्तुराबाईचा हात भरून आला, पण फोन काढवेना. पारूबाईनं तोंड भिंतीकडं केलं.

"हॅलो… हाव, ऐकलं. समदं ऐकलं तिनं… हाव, म्हनली ना. ये म्हनली… तुझी शप्पथ."

ती खाकरली.

"एकटी नको निघू, निवृत्तीरावाला संगं घे… काय?… आमच्या पान्याला हात लावनार न्हाईस?… बरं, नको लावू… दोन कॅन पानी आनतीस?… तिनं पुन्यांदा भांडू नये म्हनून?… न्हाई भांडत गं ती आता… आण. आण बाई, लागतंय पानी… हाव, तुझ्या हातानंच दे तिला… ठेवते. ठेव आता, निघ."

फोन आईच्या उशाशी ठेवला आणि सकाळपासून रडू आवरून धरलेली कस्तुराबाई ओक्साबोक्शी रडली.

गल्लीतल्या बायांनी घरटी एकेक तांब्या पाणी आणून दाराशी बकिट भरलं होतं. अर्ध्याच्या थोडं वर. जरा वेळानं पारूबाई उठली, बकिटाला हात घातला.

"थांब पारूबाई," कस्तुराबाई म्हणाली. "ज्याचं त्याला पानी माघारी दे. आईला न्हाऊ घालायला तिची लेक घेऊन यायलीय."