गिधाडांवर दगड

राजस्थानच्या वाळवंटात आणि हिमालयात पक्षी मोजण्यात माझी वीस वर्षं गेली, पण पक्ष्यांवर दगड मी एकदाच मारले, ते उमरठच्या वरच्या वाडीत. तेव्हा गुरांना दुखणं थांबवायला टोचलेलं एक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन गिधाडं संपत चालली होती. इथं मात्र मेलेल्या म्हशीपाशी चक्क सात उतरली. मी हरखून वही काढली आणि म्हशीच्या मालकीणबाईंना, भागामावशींना, विचारलं, "हिला सुई दिली होती का?"

"व्हय, तीन दिस. दुखत व्हतं तिला."

मी वही टाकली आणि दगड मारत सुटलो. मग वाडीतली माणसं जमवून म्हैस पुरली.

मावशी म्हणाल्या, "सायेब, साती उपाशी धाडलीत."

म्हटलं, "जिवंत धाडली, मावशी."