गप्प बसून केलेली सही

मंडळी, ऐका! अभंगाआधी एक विचारतो, उत्तर मनातच द्या. शेजाऱ्याचा पाय शेवाळावर पडतोय, आपल्याला दिसतंय, आणि आपण गप्प बसलो. ढकललं नाही हो! फक्त बोललो नाही. हे पाप की नाही?

थांबा, घाई नको! इचलकरंजीच्या एका बँकेत जाऊ. तिथं दिगंबर आणि वैजयंती एकाच दिवशी नोकरीला लागले — रिस्क अ‍ॅनालिस्ट! म्हणजे काय? कुणाला कर्ज द्यायच्या आधी 'हे बुडालं तर?' असं अभद्र बोलायचं आणि त्याचा पगार घ्यायचा! आमच्या घरी हे काम आत्याबाई फुकट करतात!

दोघांनी परीक्षा दिल्या, दोघं राबले. पण वैजयंती झाली सीनियर. तिला केबिन! दिगंबर बाहेर, करकरणाऱ्या पंख्याखाली. काय तो जळफळाट! केबिनचं दार वाजलं की हा मान वळवून बघणार! घरी बायकोला म्हणतो, "अगं, तिला पहिली आकडेमोड मी शिकवली!"

बायको म्हणाली, "मग तुम्हाला आनंद व्हायला हवा की!"

संपलं! त्या दिवशी गडी जेवलाच नाही.

आता बँकेची रीत अशी — एकानं जोखीम मांडायची, दुसऱ्यानं तपासायची, खाली दोघांच्या सह्या. वैजयंतीनं मांडलं, सूतवाला, यंत्रमागवाला, टेंपोवाला, तिघांना कर्ज देऊ. धंदे वेगळे, एक बुडाला तरी दोघं तरतील. कागद आला दिगंबरकडे. वाचला आणि डोळे चमकले! अहो, तिघांचंही गिऱ्हाईक एकच! कापडाची एकच पेढी! ती बसली की तिघं बसले!

पेन हातात. सांगू का तिला? मन म्हणालं, "कशाला? पडू दे एकदा तोंडावर!" आणि सही ठोकली!

पुढं पेढी बुडाली. तिन्ही कर्जं अडकली. मॅनेजर तेंडोलकर साहेबांनी दोघांना बोलावलं.

वैजयंती उभी राहिली. "साहेब, चूक माझी. गिऱ्हाईक एकच आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही."

आता तरी गप्प बसावं ना यानं? पण मत्सराला कौतुक हवं असतं! दिगंबर म्हणाला, "साहेब, मला तर तेव्हाच दिसलं होतं!"

साहेबांनी चष्मा काढला. "दिसलं होतं? मग सही का केलीत?"

बोल की दिगंबरा!

"दिगंबरराव, हिची चूक सुधारेल. पण जो बुडताना बघत बसतो, त्याच्या तपासणीवर मी कर्ज कसं देऊ? उद्यापासून या खात्यात येऊ नका."

हसलात? हसा! जावेनं आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलेलं पाहिलंत आणि पाहुण्यांची पानं वाढेपर्यंत गप्प बसलात, तेव्हा कुठं होता हा न्याय? भावाला व्यापारात फसवणारा माणूस तुम्ही ओळखून होतात, बोललात?

टाळ नंतर वाजवू. आधी शेजारी बघा. कुणाला काही सांगायचं राहिलंय? सांगा. मी थांबतो. मृदंगबुवा, तुम्हीही थांबा.